हिरवा बलक

"रोग हाये का करनी, एवढं एकच सांगा," अंजनाबाई गावंडे म्हणाल्या आणि त्यांनी स्टीलची ताटली माझ्यापुढे सरकवली.

ताटलीत नुकतंच फोडलेलं अंडं होतं. पांढरा भाग गुलाबीसर, आणि मधला बलक हिरवा. लोणच्याच्या बरणीत तळाशी राहिलेल्या कैरीच्या फोडीचा असतो, तसा हिरवा.

मी ताटली उचलली, उजेडात धरली, वास घेतला. वास काहीच नव्हता. मग मी ती फिरवून दुसऱ्या बाजूनेही पाहिली. फोडलेल्या अंड्याला दुसरी बाजू नसते, पण चार माणसं बघत असली की डॉक्टरला असं काहीतरी करावं लागतं.

खरं म्हणजे मी डॉक्टर नव्हतोच. मी पशुधन पर्यवेक्षक होतो. वय चोवीस, दोन वर्षांची पदविका, आणि बोरगव्हाणच्या दवाखान्यात नेमणूक होऊन अकरा महिने. गावाने पहिल्याच दिवशी मला 'डॉक्टरसायेब' करून टाकलं आणि मी त्यात दुरुस्ती केली नाही. लोक प्रेमाने काही देत असले तर नाही कशाला म्हणायचं?

"किती अंडी फोडली?" मी विचारलं.

"चार. चारी अशीच. बाकीची टोपलीत हायेत. मी हात नाई लावला."

ही अंडी त्यांच्या मुलीसाठी राखून ठेवलेली होती. बेबी बाळंतपणाला माहेरी आली होती, आतल्या खोलीत बाजेवर होती, बाळंत होऊन दहा दिवस झाले होते. अकराव्या दिवसापासून तिला रोज अंडं द्यायचं असं ठरलं होतं, आणि त्यासाठी दोन-तीन आठवडे अंडी ज्वारीच्या टोपलीत जमा होत होती. त्या सकाळी अंजनाबाईंनी तव्यावर पहिलं अंडं फोडलं आणि त्यांच्या हातातलं उलथनं पडलं.

"माया लेकीच्या ताटात हिरवं अंडं येते," त्या म्हणाल्या. "अन् ज्या बाईच्या कोंबड्या हायेत, तिची कूस तीन सालापासून..."

वाक्य त्यांनी तिथेच सोडलं आणि अंगणापलीकडच्या गोठ्याकडे पाहिलं. गोठ्याच्या दारात त्यांची सून उभी होती. पंचफुला. बावीस-तेवीस वर्षांची, सडसडीत, डोक्यावर पदर. लग्नाला तीन वर्षं झाली होती, मूल नव्हतं. सरकारी योजनेतून सुधारित जातीच्या लाल कोंबड्या आल्या, तेव्हा गावातून अर्ज करणारी ती एकटी बाई होती. दहा कोंबड्या आणि एक कोंबडा मीच तिच्या हवाली केला होता.

"तिच्या भावाले निरोप धाडला," अंजनाबाई म्हणाल्या. "दुपारी येते तो. घेऊन जाईन आपल्या बहिनीले. कायमची. पन मागून कोनी म्हनाले नको का गावंडेनं सुनेले उगाच धाडलं. म्हनून तुमच्या तोंडून पाहिजे. रोग का करनी."

अंजनाबाईंचा मुलगा, म्हणजे पंचफुलेचा नवरा प्रल्हाद, ओसरीच्या कोपऱ्यात अंबाडीचा दोर वळत बसला होता. तो सकाळपासून वळत होता. दोर इतका लांब झाला होता की गावातली सगळी म्हसरं एकाला एक बांधता आली असती. त्याने एकदाही मान वर केली नाही.

"आधी कोंबड्या बघतो," मी म्हणालो.

"पाहा. अन् म्हशीलेबी पाहून घ्या. दीड महिना झाला, डेअरीत दुधाचं फॅट पडूनच राहिलं. तुमीच तं पाच सुया देल्या. फरक नाई. हे बाई हात लावते तिथं हेच होते."

गोठ्याच्या मागे खुराडं होतं. मी कोंबड्या एकेक करून हातात घेतल्या. तुरा लालभडक, डोळे चकचकीत, पिसं घट्ट. अशी तब्येत माझी स्वतःची नव्हती. मी एकेक कोंबडी परत आत सोडत होतो आणि पंचफुला ओठातल्या ओठात मोजत होती. "...आठ, नऊ, दहा, अन् कोंबडा." सुरुवातीला मुंगसाने दोन नेल्या होत्या आणि दवाखान्यातून तिला बदली मिळवून द्यावी लागली होती. तेव्हापासून ती कोंबड्यांना बाहेर सोडत नसे आणि सकाळ-संध्याकाळ मोजत असे.

"सायेब," ती हळूच म्हणाली, "माया कोंबड्या बिमार हायेत का?"

"बघू."

"थे आपलं..." ती काहीतरी म्हणणार होती, पण मागे अंजनाबाईंच्या पाटल्या वाजल्या. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मला कळलं नाही. कळलं नाही असं मी तरी ठरवलं.

"औषधाची पिशवी घेऊन येतो," मी अंजनाबाईंना सांगितलं. "दुपारी पक्कं सांगतो."

दवाखान्यात येऊन मी कपाटातलं पदविकेचं जाड पुस्तक काढलं. गायी-म्हशींची प्रकरणं वाचून वाचून मऊ पडली होती. कोंबड्यांचं प्रकरण मात्र दुकानातून आणल्यासारखं कोरं होतं, कारण परीक्षेत कोंबड्या किंवा शेळ्या असा पर्याय होता आणि मी शेळ्या घेतल्या होत्या. काही पानं एकमेकांना चिकटलेली होती. ती सोडवत सोडवत मी खाद्याच्या भागापर्यंत आलो आणि तिथे, तळटीपही नाही, चांगल्या मोठ्या अक्षरांत छापलं होतं की अंडी देणाऱ्या कोंबड्यांना सरकीची ढेप, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, चारू नये. ताजं अंडं ठीक दिसतं, पण काही दिवस साठवलं की बलक हिरवट किंवा करडा पडतो आणि पांढरा भाग गुलाबी होतो.

मी ते दोनदा वाचलं. मग पुस्तक मिटलं आणि खिडकी उघडी होती ती लावून घेतली. बाहेर कुणी नव्हतं.

ढेप चारायला पंचफुलेला मीच सांगितलं होतं.

पोळ्याच्या आसपासची गोष्ट. ती दवाखान्यात आली होती, पदरात दोन अंडी घेऊन. एक तिच्या लाल कोंबडीचं, एक शेजारच्या गावठी कोंबडीचं. दोन्ही तिने माझ्या टेबलावरच्या वाटीत फोडली. गावठी अंड्याचा बलक केशरी, तिच्या अंड्याचा फिकट, लिंबाच्या सालीसारखा.

"सासू म्हनते, सरकारी अंड्यात पानी असते," ती म्हणाली. "ताकद नसते. बेबीताईच्या बाळंतपनात माया कोंबड्याईची अंडी द्यायची हायेत मले. पन असा बलक पाहून थे फेकून देईन. सायेब, बलक गडद कशानं होते? अन् ताकद कशानं येते?"

तिने दोन प्रश्न विचारले होते. दोन वेगळे प्रश्न होते, आणि हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मला दोन्हींचं उत्तर माहीत नव्हतं. तसं सांगायला दोन शब्द पुरले असते.

"काय खायला घालता?" मी विचारलं.

"तांदळाची कनी."

"त्यात कसली ताकद येणार? ढेप घाला. म्हशीला चालते, तर कोंबडीला का नाही?"

वऱ्हाडात दूध पातळ झालं तर ढेप, बैल थकला तर ढेप. कापूस पिकवणाऱ्या मुलखात ढेपेच्या विरोधात कुणी बोलत नाही. मी तर सरकारी खुर्चीवर बसून बोललो होतो. ती खुश होऊन गेली. जाताना दारात थांबून म्हणाली, "ढेप तं सासूच्या ताब्यात हाये." मी म्हणालो, "थोडीशीच तर लागते." पुढे तिने ती कुठून आणली, याचा मी विचारही केला नव्हता. तो विचार आता आला आणि त्याबरोबर म्हशीचं पडलेलं फॅटही आठवलं. पाच सुया मी त्या म्हशीला टोचल्या होत्या. म्हैस उपाशी होती.

मला लाज वाटली. पण लाज वाटणं आणि लाज वाटल्यावर काही करणं यांत बरंच अंतर असतं. मी खुर्चीत बसून नीट हिशेबाने विचार केला. अंजनाबाईंनी मला दोनच पर्याय दिले होते, रोग किंवा करणी. तिसरा पर्याय मी स्वतः होतो आणि तो त्यांनी विचारलेला नव्हता. रोग म्हटलं की करणीचा प्रश्न मिटला. कोंबड्या पुरून टाकायच्या, सून घरात राहणार, मी डॉक्टर राहणार. सगळ्यांचंच भलं होत होतं. कोंबड्या सोडून.

दुपारी तीन वाजता मी पिशवी घेऊन गावंड्यांकडे गेलो. पंचफुलेचा भाऊ सुखदेव येऊन बसला होता. तिशीचा, उन्हाने रापलेला, गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून ओसरीवर बसला होता. त्याच्या पायाशी पंचफुलेची पत्र्याची पेटी होती. लग्नातली असावी, झाकणावर गुलाबाचं फूल रंगवलेलं होतं. घरात भांडणाचा आवाज नव्हता. सुखदेवला चहा दिलेला होता, बशीत बिस्किटंही होती.

"बोला, डॉक्टरसायेब," अंजनाबाई म्हणाल्या.

"रोग आहे," मी म्हणालो. "करणीबिरणी काही नाही. कोंबड्यांचा रोग आहे. कोंबड्या पुरून टाकू, घर स्वच्छ करू, सुनेचा यात काही दोष नाही."

"झालं," अंजनाबाई म्हणाल्या आणि सुखदेवकडे वळल्या. "उचल बाप्पा पेटी."

"अहो, पण रोग आहे म्हणालो ना मी."

"आइकलं. रोगाच्या कोंबड्या घरात आनल्या कोनं? इनंच. दहा दिवसाच्या बाळंतिनीच्या घरात."

"आणि करणी म्हणालो असतो तर?"

"तरी धाडलंच असतं. मी तं फक्त इचारत होती का कोंबड्या तिच्यासंगं धाडायच्या का पुरायच्या."

सुखदेव उठला आणि त्याने पेटी उचलून खांद्यावर घेतली. बहीण देऊन बसलेला भाऊ काय बोलणार? प्रल्हादचे हात दोरावर थांबले.

पंचफुला आतून आली. ती पेटीकडे गेली नाही, भावाकडेही गेली नाही. सरळ अंगण ओलांडून खुराड्याशी गेली आणि तिने फळी काढली. कोंबड्या भराभर अंगणात आल्या, माती उकरू लागल्या. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच बाहेर आल्या असतील.

"बिमार कोंबडी मान टाकते, सायेब," ती मला म्हणाली. "डोये मिटते. खात नाई. माया कोंबड्या पाहा कशा खाऊन राहिल्या. पुन्यांदा पाहा तुमी. नीट पाहा."

एवढं मोठं बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकत होतो. सुखदेव पेटी खांद्यावर घेऊन तसाच उभा होता.

"रोग नाही," मी म्हणालो.

"आत्ताच तं हाये म्हने," अंजनाबाई म्हणाल्या.

"चुकलं माझं. या कोंबड्यांच्या पोटात सरकीची ढेप गेली आहे. ढेप खाल्लेल्या कोंबडीचं अंडं ठेवून ठेवलं की हिरवं पडतं. पुस्तकात लिहिलंय. ताजं फोडा, चांगलं निघेल. आणि हिरवं झालं म्हणून ते विष नाही. चव तीच, ताकद तीच."

"म्हनजे खाता येते?"

"येतं."

"मंग खाऊन दाखवा."

हे मला अपेक्षित नव्हतं. पुस्तकात एवढं सविस्तर दिलेलं नव्हतं. पण आता माघार घेणं शक्य नव्हतं. अंजनाबाईंनी टोपलीतली तीन अंडी घेतली, कांदा चिरला, मिरची, कोथिंबीर, हळद घातली आणि स्वतःच्या हाताने आमलेट केलं. मला मारायचं असो की तारायचं, पाहुण्याला अळणी वाढायचं त्यांच्या स्वभावात नव्हतं. हळदीमुळे हिरवा रंग आणखी विचित्र झाला. सोबत भाकरी दिली.

मी खाल्लं. चांगलं झालं होतं.

मग सगळे मला बघत बसले. सुखदेवने पेटी खाली ठेवली, कारण मी मेलो तर खांदा मोकळा हवा. अंजनाबाईंनी माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. वाट बघता बघता काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यांनी विचारलं, "पन सायेब, कोंबड्याईच्या पोटात ढेप गेली कशी? ढेपेचं पोतं माया खोलीत हाये. रोज सकाळी म्हशीपुरती मी सोता काढून देते."

मी भाकरीचा तुकडा तोडला.

"मी चारली," पंचफुला म्हणाली. "म्हशीच्या घमेल्यातून काढत होती. रोज दोन ओंजळी."

"रोज?"

"रोज. पोळ्यापासून."

अंजनाबाईंनी म्हशीकडे पाहिलं. मग सुनेकडे. मग पुन्हा म्हशीकडे. "म्हनून फॅट पडलं!" त्या म्हणाल्या. "मी आपली देवाले नारळ फोडून राहिली, दृष्ट काढून राहिली, अन् इकडे माई म्हैस उपाशी! तू चोर हायेस का वं?"

"हाव."

"कोंबड्याईले ढेप चारायची, हे तुया डोक्यातलं नोहे. तुले कोनं सांगतलं?"

पंचफुला जमिनीकडे बघत उभी राहिली. ओठ किंचित हलत होते. मला वाटलं, देवाचं नाव घेते आहे. ती माझं नाव घेणार नाही, हे मी तेव्हाच ओळखलं. काही बाया अशा असतात, स्वतःवर घेतात पण दुसऱ्याला उघडं पाडत नाहीत. मी तांब्या उचलून पाणी प्यालो. कोंबडा उडून गुलाबाच्या पेटीवर बसला. सुखदेवने त्याला हाकललं. तो पुन्हा बसला. गोठ्यात म्हशीने शेपटी मारली. प्रल्हादने हातातला दोर खाली ठेवला.

मी लगेच बोललो.

"म्याच सांगतलं," मी म्हणालो. नोकरीला लागल्यापासून इतरांसमोर मी घरची बोली बोललो नव्हतो, ती आपोआप आली. "तिनं इचारलं का बलक गडद कसा करायचा, अन् मले ठाऊक नव्हतं. तरी सांगतलं. तिची चूक नाई. म्हशीची बी नाई. माई चूक हाये. अन् मी डॉक्टरबी नोहे."

"म्हनजे तुमीच बिघडवलं," अंजनाबाई बोटांवर मोजत म्हणाल्या, "तुमीच रोग सांगतला, अन् तुमीच रोग काढून टाकला?"

"हो."

"अन् माया उपाशी म्हशीले पाच सुया देल्या?"

"हो."

त्यांनी माझ्यासमोरची ताटली उचलली. रिकामी होती म्हणून उचलली की रागाने, ते मला कळलं नाही. मग त्या सुखदेवकडे वळल्या आणि एकदम त्यांचा आवाज सैल पडला, दिवसभर घट्ट बांधलेली गाठ सुटावी तसा.

"पेटी आत ठेव, बाप्पा."

सुखदेवला समजेना. "पन मावशी, तुमीच म्हनता का थे चोर हाये."

"चोर हाये, म्हनूनच ठेव म्हनते. मी सकाळपासून कायले घाबरली होती? हातात वाईट गुन असन तं त्याले उपाय नाई. माया नातवावर नजर पडली असती तं मी काय केलं असतं? चोराचं काय, चोराले कुलूप लावता येते." आणि त्या पंचफुलेला म्हणाल्या, "उद्यापासून ढेपेच्या खोलीले कुलूप राहीन. चावी माया कमरेले. समजलं का वं?"

"समजलं," पंचफुला म्हणाली.

"मंग च्या मांड. तुया भावाचा थंडा झाला."

तेवढ्यात आतल्या खोलीतून बेबीचा आवाज आला. "माय, थे सायेब जिते हायेत का?"

"हायेत."

"मंग मलेबी एक आमलेट दे नं. सकाळपासून भुकी हावो मी."

प्रल्हाद उठला. सकाळपासून पहिल्यांदा. त्याने पेटी उचलली, कोंबड्याला तिच्यावरून खाली उतरवलं आणि पेटी आत नेऊन ठेवली. तेवढंच त्याने केलं, पण केलं.

दुसऱ्या दिवसापासून गावात मला 'ढेपडॉक्टर' म्हणू लागले. लहान पोरं तोंडावर म्हणत, मोठी माणसं पाठीमागे. मी कोंबड्यांचं प्रकरण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढलं आणि आठवड्याने पंचफुलेकडे जाऊन तिच्या दोन प्रश्नांची उत्तरं दिली. अंड्याचं कवच लाल की पांढरं हे कोंबडीच्या जातीवर असतं. बलक फिका की गडद हे ती काय खाते त्यावर. हिरवा चारा, पिवळा मका, झेंडूच्या पाकळ्या. गावठी कोंबडीचा बलक गडद असतो कारण ती दिवसभर बाहेर चरते, तिच्या जातीत काही जादू नसते. आणि रंग म्हणजे ताकद नव्हे. फिकं अंडंही तेवढंच पोसतं. ताकद द्यायची तर कोंबडीला नुसती कणी घालू नये, खाणं चौरस हवं.

"मंग पहिल्यांदा असंच काऊन नाई सांगतलं?" तिने विचारलं.

"माहीत नव्हतं."

"आता माहीत हाये?"

"हो. हे वाचलंय."

दिवाळी झाल्यावर तिने गावभर फिरून दारादारांवरची सुकलेली झेंडूची तोरणं उतरवून आणली. त्यांतली काही दारं आदल्या महिन्यात तिला बघून लागली होती. तिने ती तोरणं चुरून खाद्यात मिसळली, कोंबड्यांना दुपारी समोर बसून मोकळं सोडलं, खुराड्याच्या कडेला चाऱ्यासाठी मेथीघास लावला. मार्गशीर्षात तिच्या अंड्यांचा बलक असा केशरी झाला की अंजनाबाईंनी एक फोडलेलं अंडं ताटलीत घालून चार घरी दाखवायला नेलं.

"आता आली ताकद," त्या मला म्हणाल्या.

"काकू, ताकद आधीएवढीच आहे. फक्त रंग..."

"तुमी नोका बोलू, सायेब. तुमचं आइकून माई म्हैस वाळली."

पुढे माझ्या बदल्या झाल्या, बढती झाली, आणि चौतीस वर्षांनी मी निवृत्त झालो. या काळात पशुपालकांच्या शेकडो शिबिरांत मी भाषणं दिली आणि प्रत्येक शिबिरात हिरव्या बलकाची गोष्ट सांगितली. तात्पर्य असं की माणसाने चुकावं, पण चूक झाली तर क्षणाचाही विलंब न लावता कबूल करावी. गोष्ट चांगली चालायची. शेवटी टाळ्या पडायच्या.

निवृत्तीचा निरोपसमारंभ योगायोगाने बोरगव्हाणलाच ठेवला होता. पंचफुलेचं तिथे आता चारशे कोंबड्यांचं शेड होतं आणि आजूबाजूच्या गावांतल्या बाया तिच्याकडे शिकायला येत. अंजनाबाई जाऊन बारा वर्षं झाली होती. जाताना त्यांनी ढेपेच्या खोलीची चावी सुनेच्या हातात दिली, असं मला कुणीतरी सांगितलं. पंचफुलेच्या दोन्ही मुली मंडपात जेवणाची तयारी करत होत्या. मी शेवटचं म्हणून ती गोष्ट जरा जास्तच रंगवून सांगितली. पंचफुला पहिल्या रांगेत होती. तिनेही टाळ्या वाजवल्या.

जेवणाच्या वेळी ती उकडलेल्या अंड्यांची ताटली घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. केस पांढरे झाले होते, चष्मा आला होता.

"त्या दिवशी तुम्ही माझं नाव घेतलं नाही," मी म्हणालो. इतक्या वर्षांत मला तिचे आभार मानायचे राहून गेले होते. "तुम्ही गप्प राहिलात. मी ते विसरलो नाही."

ती अंडं सोलत होती. "मी गप्प कुठची सायेब? मी मोजून राहिली होती."

"काय मोजत होतात?"

"अंक. चोरी तं कबूल झालीच होती, आता मले कायचं भेव? पन म्हटलं, मानसाले थोडा वेळ द्या लागते. वीसपर्यंत मोजायचं, तोवर बोलले तं बोलले. नाई तं वीस झाले का मीच सांगते, याच सायेबानं सांगतलं म्हनून."

तिने सोललेलं अंडं माझ्या ताटात ठेवलं. मंडपात कुणीतरी माईक तपासत होतं.

"पण मी तर लगेच बोललो होतो," मी म्हणालो.

"सतरा," पंचफुला म्हणाली आणि दुसरं अंडं सोलायला घेतलं.